मुलाचा पैसा कोणाचा?

मुलाच्या नांवानें घरांत पैसा आला तर तो सांभाळावयाचा कोणीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आईबापांनीं, हें इतकें उघड वाटतें! पण मूल मोठें होऊन आपला पैसा मागूं लागलें आणि तिजोरी रिकामी निघाली तर? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाला १९३९ सालीं या प्रश्नासाठीं कायदा करावा लागला. आणि ज्याच्यामुळें करावा लागला, त्याचा चेहरा आपल्यापैकीं पुष्कळांनीं पडद्यावर पाहिलेला असेल.

चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या ‘दि किड’ या मूकपटांतलें तें फाटक्या कपड्यांतलें पोरगें म्हणजे जॅकी कूगन. जन्म १९१४ चा. बालपणींच त्यानें तीस-चाळीस लक्ष डॉलर मिळविले, असा अदमास केला जातो. मे १९३५ मध्यें मोटारीच्या अपघातांत त्याचा बाप ठार झाला. त्याच मोटारींत जॅकीहि होता. आंत बसलेल्यांपैकीं तो एकटाच वांचला. एकविसावें वर्ष पुरें होण्यास तेव्हां सहा महिनेहि उरले नव्हते.

पुढें आईनें घरचा पैशाचा व्यवहार पाहणाऱ्या आर्थर बर्न्स्टीन याच्याशीं लग्न केलें. सज्ञान जॅकीनें आपली मिळकत मागितली, तेव्हां उत्तर मिळालें कीं, अज्ञान मुलाची कमाई आईबापांचीच! १९३८ सालीं त्यानें आईवर व सावत्र बापावर फिर्याद लावली. विषादाची गोष्ट ही कीं, आईचें म्हणणें कठोर असलें तरी कायद्याला सोडून नव्हतें. जो पोसतो त्याला मुलाच्या मजुरीवर हक्क, असा जुना नियम होता. शेतावर राबणाऱ्या पोराच्या दोन पैशांपुरता तो कदाचित् खपून गेला असेल; लक्षावधि डॉलरांना लावल्यावर त्याचें खरें रूप दिसलें. अखेर तडजोड झाली आणि शिल्लक राहिलेल्या सुमारें अडीच लक्षांपैकीं १,२६,००० डॉलर त्याच्या हातीं आले.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. गाडीखालीं सांपडून मुलाचा पाय गेला व भरपाई मिळाली, तर ती इंग्रजी परंपरेच्या कायद्यांतहि मुलाचीच. बापाला औषधपाण्याचा खर्च व मुलाच्या बुडालेल्या कामाचा मोबदला मागतां येई. पायाची किंमत त्याची नव्हे. हक्क असा निर्विवाद, पण रोकड पडावयाची बापाच्याच हातांत! म्हणूनच आपल्याकडील १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेनें, दाव्यांतील अज्ञानाचे पैसे कोर्टाच्या परवानगीवांचून त्याच्या वतीनें कोणीं घेऊं नयेत असें ठरविलें. आणि १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अपघाताच्या भरपाईंतला अज्ञानाचा वांटा तो सज्ञान होईपर्यंत मुदतठेवींत ठेवावा असें सांगितलें. अज्ञानाचें द्रव्य गांवच्या वृद्धांनीं वाढवावें असें कौटिल्य लिहितो, तें याच भयानें असावें. कारण पैसा एकदां उडाला कीं फिर्याद लावतां येते, हुकूमनामाहि मिळतो. पण ज्याच्यापाशीं कांहीं उरलेंच नाहीं, त्याच्याकडून वसूल काय करणार?

१९३९ च्या कायद्याला लोक कूगनच्याच नांवानें ओळखतात. त्यांतहि फट राहिली. कोर्टापुढें मंजुरीसाठीं आलेल्या करारांनाच तो लागू पडे. ती फट २००० सालीं बुजविली गेली. तेव्हांपासून तेथें बालनटाची कमाई त्याची स्वतःची ठरली आणि शेंकडा १५ भाग त्याच्या नांवें वेगळा ठेवणें सक्तीचें झालें. जॅकी १९८४ सालींच वारला होता. १९३९ च्या कायद्यानेंहि त्याचा गेलेला पैसा परत आला नव्हता.