दिवा बदलला, होल्डर तोच

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री नातू ओरडला, "आजोबा, बटण बंद आहे तरी दिवा जळतोय!" पाहिलं तर खरंच. ओसरीवरचा नवा एलईडी बल्ब काजव्यासारखा मंद उजळत होता. मी म्हटलं, बरंय, झीरोच्या बल्बचा खर्च वाचला!

सकाळी वायरमनला दाखवलं. त्याने बटण बंद ठेवूनच बल्ब काढला आणि होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. आमच्या पडघ्याच्या घराचं वायरिंग १९७४ सालचं, लाकडी पट्टीवरचं. तेव्हा कुणीतरी ओसरीचं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलं होतं. म्हणजे बटण बंद केलं की दिवा विझायचा, पण होल्डरमधले २३० व्होल्ट तिथेच. आणि आम्ही इतकी वर्षं बटणाच्या भरवशावर स्टुलावर चढून बल्ब बदलत आलो! पिवळ्या बल्बची तार तापून उजळायला बरीच वीज लागते, म्हणून त्याने हे कधी दाखवलंच नाही. एलईडीला चिमूटभर गळतीही पुरते. (लांब वायर किंवा इंडिकेटरच्या बटणामुळेही असा उजेड येतो, पण तपासून घेतलेलं बरं.)

लहानपणी आम्ही कंदिलावर अभ्यास केला. काच पुसायची, वात कापायची, रॉकेल जपून भरायचं. धोका डोळ्यांसमोर होता, म्हणून काळजी आपोआप घेतली जायची. वीज आली आणि धोका भिंतीआड गेला.

विजेच्या बाबतीत पडघा तसं नावाजलेलं. इथे ४०० केव्हीचं मोठं उपकेंद्र आहे. चंद्रपूरहून निघालेली ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब डीसी वाहिनी इथे येऊन पोचते. तरी २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आम्ही मेणबत्त्याच शोधत असू. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! त्याच दिवसांत सीएफएल घरात शिरला. ६० वॉटचं काम १४ वॉटमध्ये होई, इन्व्हर्टरही जास्त वेळ टिके. २००९मध्ये केंद्राची 'बचत लॅम्प योजना' आली. जुना पिवळा बल्ब द्या, १५ रुपयांत सीएफएल घ्या. जानेवारी २०१५मध्ये एलईडीची योजना सुरू झाली, तीच पुढे 'उजाला' म्हणून ओळखली गेली.

दिवे असे भराभर बदलले, पण शेड आणि होल्डर राहिले पिवळ्या बल्बच्याच काळातले. चुका आम्हीही केल्या. न्हाणीघरातल्या दुधी काचेच्या बंद शेडवर 'कमाल ६० वॉट' लिहिलेलं. १४ वॉटचा सीएफएल तर त्यात आरामात बसेल, असा माझा हिशेब. चार महिन्यांत गेला! ते ६० वॉट शेडला सोसणाऱ्या उष्णतेचे. सीएफएल आणि एलईडीच्या बुडात इलेक्ट्रॉनिक्स असतं, ते बंद शेडमध्ये साचलेल्या उष्णतेने लवकर खराब होतं. अशा जागी खोक्यावर बंद शेडसाठी चालेल असं लिहिलेलाच दिवा घ्यावा. मंद-प्रखर करणाऱ्या डिमरवरही तसंच, डिमरसाठी बनवलेलाच दिवा हवा.

एकदा तर सीएफएल काचेच्या नळीला धरूनच पिरगळला आणि हातात फुटला. धरायचा असतो खालच्या प्लॅस्टिकला. त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबावं. झाडू न फिरवता तुकडे जाड कागदाने उचलावेत, चुरा चिकटपट्टीने टिपावा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करावं. जुने सीएफएल अजून माळ्यावर पडलेले असतील तर कचरापेटीत टाकू नका. २०१६च्या नियमांपासून ते ई-कचऱ्यात मोडतात.

वर्षानुवर्षं १०० वॉटच्या बल्बखाली भाजलेले बेकेलाइटचे होल्डरही तपासा. ते ठिसूळ होतात, आतल्या पिना सैल पडून ठिणग्या उडतात.

असो. वायरमनने अर्ध्या तासात जोडणी सुधारली, दोन होल्डरही बदलले. मंडळी, आज रात्री निजण्यापूर्वी सगळे दिवे मालवून घरभर एक फेरी मारा. कुठे एखादा दिवा अर्धवट जागा दिसला तर वायरमनला बोलवा. आमच्याकडे आता बल्ब बदलायचा म्हटलं की आधी मेन स्विच बंद होतो, आणि नातू टॉर्च धरून उभा राहतो.