'ट्रीहाऊस ऑफ हॉरर' : सिम्प्सन कुटुंबाची भयरात्र
'द सिम्प्सन्स' या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेचा पहिला हॅलोविन विशेष भाग 'फॉक्स' वाहिनीवर २५ ऑक्टोबर १९९० रोजी प्रसारित झाला. मुलांना आज लवकर झोपवावे, असा इशारा मार्ज प्रारंभीच पालकांना देते. झाडावरील घरात बार्ट आणि लिसा भयकथा सांगतात : झपाटलेले घर, परग्रहवासीयांची मेजवानी आणि एडगर ॲलन पो यांची १८४५ मधील 'द रेव्हन' ही कविता. तिचे निवेदन जेम्स अर्ल जोन्स यांनी केले. या कथांना मालिकेच्या नित्य कथानकाचे बंधन नाही; म्हणूनच पुढील वर्षांच्या हॅलोविन भागांत या कुटुंबाला मृत्यूही गाठू शकला. पहिल्या भागाच्या शेवटी मुले निर्धास्त झोपतात. चोरून ऐकणाऱ्या होमरची झोप मात्र उडते.