युद्धकवीचा अर्धपुतळा : ओवेन, ब्रुक आणि स्टालिनग्राडचा शाहीर

कवीचे शिल्प घडते तेव्हा त्याच्या कवितेतील नेमके काय मातीत उतरते आणि काय बाहेर राहते, हा प्रश्न साहित्येतिहास व कलेतिहास यांच्या सीमारेषेवरचा आहे. युद्धकाळात लिहिणाऱ्या कवींच्या संदर्भात तो अधिक तीव्र होतो. कारण त्यांच्या कवितेचा काळ ठरलेला असतो आणि शिल्प मात्र काळाबाहेर उभे राहू पाहते. तळहातावर मावणाऱ्या, रंगवलेल्या अर्धपुतळ्यांच्या आधारे या प्रश्नाचा तौलनिक विचार करता येतो.

युरोपात कवीचा लहान अर्धपुतळा ही ग्रंथालयाच्या सजावटीतून आलेली वस्तू होय. अठराव्या शतकात वेजवुडच्या कारखान्यातून काळ्या बसाल्ट मृत्तिकेचे होमर, शेक्सपिअर, मिल्टन घरोघरच्या पुस्तकांच्या कपाटांवर गेले. ते एकरंगी असत. त्यांना ना काळ होता, ना गणवेश. पहिल्या महायुद्धाने ही रीत बदलली. रूपर्ट ब्रुक 23 एप्रिल 1915 रोजी मरण पावला, तर विल्फ्रेड ओवेन 4 नोव्हेंबर 1918 रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या एक आठवडा आधी, सांब्र-वाझ कालव्यावर मारला गेला. दोघांचेही चेहरे पुढील पिढ्यांना मोजक्या छायाचित्रांतूनच ठाऊक झाले. रग्बीच्या प्रार्थनामंदिरातील ब्रुकचे संगमरवरी उठावशिल्प शेरिल शेल याने 1913 मध्ये काढलेल्या छायाचित्रावर आधारलेले आहे. छायाचित्राला पाठ नसते. डोक्याची मागील बाजू, मानेचा कल, कानामागचे केस हे सारे शिल्पकाराला रचावे लागते. स्मारकशिल्पाचा अर्धा भाग अशा रीतीने पुराव्याचा आणि अर्धा अनुमानाचा असतो.

लघु आकारात हे अनुमान आणखी धीट होते. एकास दहा या प्रमाणात माणसाचे डोके जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर भरते. पापणीची खरी जाडी त्या मापात दिसेनाशी होते. म्हणून ती मुद्दाम जाड घडवावी लागते. अस्तराचा रंग बसल्यावर खोलगट भागांत गडद आणि उंचवट्यांवर फिकट छटा हाताने द्याव्या लागतात, कारण एवढ्या लहान वस्तूवर खरा प्रकाश पुरेशी सावली पाडत नाही. डोळे सर्वांत शेवटी. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत या कामाला ‘आखणी’ म्हणतात आणि ते अनुभवी हाताकडेच सोपवतात. बाकी सारे साच्यातून निघते. नजर साच्यातून निघत नाही.

मराठीतील युद्धकाळाचा कवी या चौकटीत बसवू पाहिला तर अडचण लगेच लक्षात येते. अण्णा भाऊ साठे (1 ऑगस्ट 1920 – 18 जुलै 1969) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. 2 फेब्रुवारी 1943 रोजी संपलेल्या त्या लढाईपासून हजारो मैल दूर, मुंबईच्या गिरणगावात तो गायिला गेला. त्याच काळातील बंगालच्या दुष्काळावरही त्यांनी रचना केली. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. ओवेन खंदकात होता. वाटेगावचा हा शाहीर चाळींच्या चौकात होता. दोघेही युद्धाचेच कवी, परंतु एकाने युद्ध देहाने भोगले आणि दुसऱ्याने ते कामगारांच्या कानांपर्यंत पोहोचवले.

अर्धपुतळा या प्रकाराची मर्यादा नेमकी येथे उघड होते. तो छातीशी तुटतो. ओवेनच्या बाबतीत या तुटण्याने फारसे बिघडत नाही. कॉलर, खांद्याचा पट्टा आणि मँचेस्टर रेजिमेंटचे चिन्ह उरले की युद्ध उरते. शाहिराचे युद्ध मात्र हातातील डफात, ताणलेल्या गळ्यात आणि मागून झील धरणाऱ्या साथीदारांत असते. अर्धपुतळ्यात हात जातो, डफ जातो, झीलकरी जातात. उरतो तो कोट घातलेला एकटा लेखक. सामूहिक गायनाचे रूपांतर वैयक्तिक कीर्तीत होते आणि 1943 हे वर्ष चेहऱ्यावरून पुसले जाते.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कृष्णधवल छायाचित्र त्वचेचा वर्ण सांगत नाही. रंगवणारा तो ठरवतो. जातिव्यवस्थेने वर्णालाही प्रतिष्ठा चिकटवलेल्या समाजात, मातंग समाजात जन्मलेल्या लेखकाचा चेहरा उजळ रंगवावा की सावळा, हा निर्णय केवळ रंगपेटीचा राहत नाही. डॉ. आंबेडकरांच्या प्रतिमेत निळ्या कोटाने हा भार बराचसा उचलला. दिल्लीत संसदेच्या आवारात 1967 साली बसवलेला, ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा धातूचा, एकरंगी आहे. गावोगावच्या रंगीत प्रतिमांनी मात्र कोटाला निळा रंग दिला आणि तो रंगच ओळख झाला. अण्णा भाऊंच्या प्रतिमेला असा सर्वमान्य रंगसंकेत लाभलेला नाही.

भारतीय टपाल खात्याने 1 ऑगस्ट 2002 रोजी चार रुपयांचे तिकीट काढून हा चेहरा लघुचित्राच्या आकारात देशभर नेला. 14 सप्टेंबर 2022 रोजी मॉस्को येथील रुदोमिनो परदेशी साहित्य ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. 1961 साली ज्या देशाचा प्रवास करून त्यांनी प्रवासवर्णन लिहिले, ज्या देशातील एका शहराच्या प्रतिकारावर पोवाडा रचला, त्याच देशात मराठी शाहिराची प्रतिमा पोहोचली. वेजवुडच्या होमरप्रमाणे ती पुस्तकांच्या सान्निध्यात आली. फरक इतकाच की हा कवी मुळात पुस्तकाचा नव्हे, मैदानाचा होता.

यावरून लघु अर्धपुतळा हा प्रकार शाहिराला अपुराच ठरतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मूर्तीची परंपरा हात, आयुध आणि वाहन यांवरून देव ओळखते. तोच संकेत शाहिराला लावून छातीऐवजी कमरेशी थांबणारी, हातात डफ असलेली प्रतिमा घडवणे कारागिराला अशक्य नाही. तिच्यात आवाज असणार नाही. परंतु पाहणाऱ्याला येथे आवाज होता, एवढे तरी ती सांगू शकेल. आणि युद्धकवीच्या स्मारकाकडून साहित्येतिहासाची किमान अपेक्षा तीच असते.