दात्याच्या कोपऱ्यातला भार

गिअरचे दाते कापायचे नाहीत, ठोकूनच काढायचे, तर प्रेस किती टनांचा हवा? बेळगावात उद्यमबागेत नोकरीला असताना मला यावर ‘मागच्या वेळी चाललं होतं’ एवढंच उत्तर मिळायचं. त्यामागचा इतिहास मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे.

1864 साली पॅरिसात आंरी त्रेस्का यांनी धातू भोकांतून दाबून काढले आणि घन धातूही दाबाखाली वाहतो, हे फ्रेंच अकादमीपुढे मांडलं. पुढे 1923 मध्ये जर्मनीत झीबेल यांनी घर्षण हिशेबात घेतलं. सूत्र साधंच. घर्षणांक 0.3 धरा. चकतीचा व्यास जाडीच्या दुप्पट असेल तर सरासरी दाब धातूच्या प्रवाह-ताणाच्या 1.2 पट, व्यास दहापट झाला की थेट 2 पट. चकती पातळ होत गेली की प्रेस का दमतो, ते इथे कळतं.

दाते मात्र चकतीच्या गणितात बसत नाहीत. 1986 साली अब्दुल आणि डीन यांनी सरळ दात्यांच्या गिअरचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. खरी मेख ठोक्याच्या शेवटी असते: धातू दात्याच्या कोपऱ्यात शिरायला लागला की भार एकदम चढतो. ‘वरच्या मर्यादे’च्या पद्धतीने काढलेला आकडा खऱ्या भाराच्या खाली जात नाही, म्हणून प्रेस निवडायला ती माझ्या मते उत्तम. पण डायमध्ये दात्याच्या मुळाशी ताण किती, हे ती सांगत नाही, आणि डाय तडकते ती बहुधा तिथेच! म्हणून डायवर तापवलेलं कडं चढवतात. थंड होताना ते आवळतं आणि डाय आधीपासूनच दाबात राहते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणारे आपले लोहार हेच करत आले.