अर्ध्या वाटेवरची बाणू

सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला उतरते. तीच कऱ्हा पुढे बारामतीवरून वाहत सोनगावला नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला. या सगळ्या पट्ट्यात घरी लग्न झालं की जागरण घालतात. घट मांडतात, दिवटी पेटते, दिमडीवर थाप पडते आणि रात्र चढली की बाणूचं गाणं निघतंच.

देव सारीपाटात बायकोकडून, म्हाळसेकडून हरतो, बारा वर्षं घर सोडतो आणि चंदनपुरीला धनगराच्या घरी गडी म्हणून राहतो. एक दिवस मेंढरं धुता धुता मारून टाकतो. जिवंत करायची किंमत एकच, धनगराची लेक बाणू. लग्न नळदुर्गला लागतं.

इथवर बाणू नुसती किंमत आहे. अमानवी प्रियकराच्या आजच्या कादंबऱ्यांत नायिका त्याच्या जगात चढत जाते. ‘ट्वायलाइट’ मालिकेतली बेला शेवटी स्वतःच रक्तपिपासू होते. आमच्याकडे देवच खाली उतरून मेंढरं वळतो. पण बाणूला धार चढते ती सवतींच्या भांडणात. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक, सोवळ्यातली. ही मटण खाणारी धनगरीण. दोघी एकमेकींची जात, जेवण, माहेर काढतात. मांडवातल्या बायका सरसावून बसतात त्या इथे, देवाच्या पराक्रमाला नव्हे.

पोथीवाल्यांना मात्र धनगराची पोर तशीच पचली नसावी. कुणी तिला गंगेचा अवतार केलं, कुणी इंद्राची लेक. ही बढती की कुळ पुसणं? मला तर कुळ पुसणंच वाटतं. २०१४ साली सुरू झालेल्या ‘जय मल्हार’ या टीव्ही मालिकेनं तिला घरोघरी नेलं, पण मांडवातली बाणू जास्त फटकळ.

आणि ते गाणं गाणारी मुरळी? नवसापायी लहानपणीच देवाशी लग्न लावून दिलेली असायची. तिच्यासाठी कुणी मेंढरं वळली नाहीत. बाणूचा ठसका तिच्याच गळ्यातून यायचा, हे ऐकणाऱ्यांच्या किती ध्यानात आलं असेल?

जेजुरीला म्हाळसा गडावर देवाशेजारी आहे आणि बाणूचं देऊळ अर्ध्या वाटेवर. पायऱ्या चढणाऱ्याला आधी तीच भेटते.