गोवळकोंडा, मुक्काम पीटर्सबर्ग

नोव्हेंबर १८७५. तुम्ही भाईंदरलाच आहात, पण आता इथे इमारती नाहीत. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. आगरी माणसं उघड्या अंगाने बांध चोपून बसवताहेत आणि गुजरातकडची आगगाडी धूर सोडत मुंबईकडे निघाली आहे. चढा तिच्यात. आठ तारखेला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरलेत. त्यांच्या मागे लंडनच्या सचित्र साप्ताहिकांचे चित्रकार आहेत, आणि हत्ती, अंबाऱ्या, मशाली, राजेरजवाडे असं दिसेल ते कागदावर उतरवताहेत. हे कागद बोटीने युरोपात जाणार आहेत. तुम्हीही चला.

वाटेत पॅरिसला थोडं थांबा, पण १८३८ च्या पॅरिसला. पुदुच्चेरीजवळच्या तिरुवेंदीपुरमहून देवदासींचा एक छोटा ताफा इथे आलाय. त्यातल्या अम्मानीचं नृत्य पाहून थिओफिल गोतिए हा कवी-समीक्षक वेडावलाय. वीस वर्षांनी तो शकुंतलेवर बॅले लिहील आणि तो बसवेल ल्युसियाँ पेतिपा. आपल्याला भेटायचंय ते त्याच्या धाकट्या भावाला.

तो भाऊ, मारियुस पेतिपा, सेंट पीटर्सबर्गला आहे. जन्म मार्सेयचा, नोकरी झारची. हिंदुस्थान त्याने कधी पाहिलेला नाही. ४ फेब्रुवारी १८७७ ची (रशियन पंचांगाप्रमाणे २३ जानेवारीची) रात्र आहे, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. तुम्ही बोल्शोई कामेनी थिएटरात शिरता. आज त्याच्या ‘ला बायादेर’ या बॅलेचा, म्हणजे ‘देवदासी’चा, पहिला प्रयोग. संगीत व्हिएन्नाच्या मिन्कुसचं, त्यामुळे गोवळकोंड्याच्या दरबारात वॉल्ट्झ वाजतो. हसू नका, शेजारचे गृहस्थ तल्लीन झालेत.

कथा तुम्हाला लगेच कळेल, मराठी संगीत नाटकात सहज खपली असती. निकिया ही देवळातली नर्तिका, सोलोर हा योद्धा, दोघांच्या आणाभाका. राजाला मात्र आपली मुलगी गमझात्ती सोलोरला द्यायचीय, आणि मुख्य पुरोहिताचा डोळा निकियावर. मग ती मिरवणूक येते. अंबारी, पंखे, फकीर! ती साप्ताहिकं पेतिपाने पाहिली होती. निकियाला फुलांची परडी मिळते, परडीत साप. पुरोहित उतारा पुढे करतो. ती नाकारते आणि मरते.

याच आठवड्यांत खऱ्या दख्खनमध्ये दुष्काळ आहे. जानेवारीतच इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य रोज एक रतलावर आणलंय. मुंबई इलाख्यात मजूर कामं सोडून निघालेत आणि पुण्याची सार्वजनिक सभा हकिगती लिहून सरकारला पाठवतेय. पेतिपावर हा राग काढण्यात अर्थ नाही, त्याला चित्रं मिळाली ती हत्तींची. पण तुम्ही दोन्हीकडे एकाच वेळी उभे आहात, त्यामुळे टाळ्या वाजवताना हात जरा अडखळतो.

आणि तरीही छायांचा प्रवेश येतो तेव्हा मी तरी सगळं माफ करतो. अफू ओढून पडलेल्या सोलोरला स्वप्नात मेलेल्या नर्तिका दिसतात. पांढऱ्या वेषात एकेक जण उतरणीवर येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, सरळ होते, पाऊल टाकते. तिच्यामागून दुसरी, तिसरी. हालचाल तीच, रांग लांबत जाते. यात हिंदुस्थान औषधालाही नाही, म्हणूनच हा प्रवेश टिकला असावा. नुरेयेव्ह १९६३ मध्ये तो लंडनच्या रॉयल बॅलेला शिकवेल. संपूर्ण नाटक मात्र पश्चिमेत पोचायला १९८० उजाडेल, मकारोवाच्या हातून, न्यूयॉर्कमध्ये.

१९०२ मध्ये एका तरुण निकियाकडे नीट पाहून ठेवा: आना पावलोवा. कारण पुढचा मुक्काम पुन्हा घरचा आहे.

१९२८-२९ चा हिवाळा. विजेची लोकल नुकतीच सुरू झालीय, पण कुलाब्याहून बोरिवलीपर्यंतच. भाईंदरकरांच्या नशिबी अजून वाफेचं इंजिन. कोळशाची भुकटी डोळ्यांतून काढत तुम्ही मुंबईच्या नाट्यगृहात पोचता. रंगमंचावर पावलोवा आहे. हिंदुस्थानच्या पहिल्या दौऱ्यानंतर, १९२३ मध्ये, तिने लंडनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले बसवला होता आणि उदय शंकर नावाच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याला घेऊन राधाकृष्णही सादर केला होता. आज प्रेक्षकांत रुक्मिणीदेवी अरुंडेल आहेत. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर दोघींची गाठ पडेल. रुक्मिणीदेवी बॅले शिकू लागतील, आणि पावलोवा त्यांना आपल्याच देशातलं नृत्य शोधायला सांगेल.

त्या शोधतात आणि पोचतात कुठे, तर देवदासींच्या सदिरपाशी, म्हणजे अम्मानीच्या नाचापाशी! १९३५ मध्ये त्या अड्यारला रंगमंचावर येतात. आदल्याच वर्षी मुंबई सरकारने देवदासीप्रथेविरुद्ध कायदा केलाय. नाच सोवळा होऊन, भरतनाट्यम या नावाने, सुखवस्तू घरांत आला. नाचणाऱ्या घराण्यांच्या वाट्याला बहुतेक बदनामीच राहिली. बालसरस्वती त्याच परंपरेतल्या. शृंगार गाळायच्या या सोवळेपणाला त्यांनी आयुष्यभर विरोध केला, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

आता आजच्या मीरा रोडला या. सोसायटीच्या हॉलमध्ये भरतनाट्यमचा क्लास चालू आहे. गुडघे बाहेर वळवलेले, अगदी पीटर्सबर्गसारखे. फरक एवढाच की तिथे नर्तिका चवड्यांवर उंच होते, इथे अरमंडीत खाली बसते. काशिमीऱ्याच्या लता मंगेशकर नाट्यगृहात कार्यक्रम ठरलाय, म्हणून ताईंचा आवाज चढलाय. लाकडी ठोकळ्यावर काठी आपटत त्या मागच्या रांगेवर ओरडतात, “अजून खाली बस! गुडघे बाहेर! आणि पाय उचलू नकोस, आपटायचा आहे!”