अपंगत्वाची राष्ट्रीय आकडेवारी (भारत)

देशात अपंग व्यक्ती किती आहेत, त्या कोठे राहतात, त्यांचे वय, शिक्षण, रोजगार यांची स्थिती काय आहे, याविषयी जनगणना, नमुना पाहणी आणि शासकीय नोंदणी या तीन मार्गांनी जमणाऱ्या माहितीला अपंगत्वाची राष्ट्रीय आकडेवारी म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना व जागतिक बँक यांच्या अहवालाने जगातील प्रमाण सुमारे १५ टक्के मानले. जागतिक बँकेने २००७ मध्ये केवळ भारताविषयी काढलेल्या अहवालातला अंदाज ४ ते ८ टक्क्यांचा होता. पोलिओ, कुपोषण, रस्त्यांवरचे व कारखान्यांतले अपघात आणि उपचारांवाचून राहिलेले आजार यांचा मोठा भार वाहिलेल्या देशात अपंगत्व जगाच्या एक सप्तमांश असेल, हे संभवत नाही. ही तफावत माणसांमुळे पडलेली नाही. ती कोणता प्रश्न, कोणाला आणि कशासाठी विचारला यावरून पडलेली आहे, आणि भारतीय आकडेवारीचा दीडशे वर्षांचा इतिहास याला साक्ष आहे.

१८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत शारीरिक-मानसिक व्यंगांची नोंद होत असे. वेडे, मुकेबहिरे, आंधळे व महारोगी असे, त्या काळच्या भाषेत, तिचे वर्ग होते. लोक अशी माहिती लपवतात आणि प्रगणकाला रोगाची पारख नसते, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. १९४१ मध्ये हा प्रश्न वगळला गेला आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन जनगणनांतही तो आला नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष जाहीर केले, तेव्हा तो परतला. पण फक्त पूर्ण अंध, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके यांच्यापुरता. जनगणनेला सुमारे ११ लाख माणसे सापडली. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ३६ व्या फेरीने व्यापक व्याख्या वापरून सुमारे १.२ कोटींचा अंदाज दिला. देश तोच, वर्ष तेच, आणि दोन सरकारी आकड्यांत दहा पटींहून अधिक अंतर. यापासून धडा घेऊन प्रश्न सुधारण्याऐवजी १९९१ मध्ये तो पुन्हा गाळण्यात आला. २००१ च्या जनगणनेतही त्याला जागा मिळणार नव्हती. जावेद आबिदी आणि अपंग हक्क चळवळीतील त्यांचे सहकारी यांनी सरकारकडे सातत्याने धरलेल्या आग्रहामुळे तो प्रश्नावलीत आला. अपंगांची मोजणी हा भारतात प्रशासनाचा आपसूक चाललेला रिवाज नव्हता. तो लढून मिळवलेला हक्क आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.

२००१ आणि २०११ या दोन जनगणना शेजारी ठेवल्या की प्रश्नाची ताकद कळते. २००१ मध्ये दृष्टीचे अपंगत्व १.०६ कोटी व्यक्तींना होते; २०११ मध्ये ते ५० लाखांवर आले. उलट श्रवणाचे अपंगत्व १२.६ लाखांवरून ५०.७ लाखांवर गेले. दहा वर्षांत निम्म्या अंधांना दृष्टी आली नाही, की बहिरेपणाची साथही आली नाही. २००१ च्या सूचनांनुसार एकाच डोळ्याने नीट दिसणारी व्यक्तीही दृष्टीने अपंग धरली जाई. २०११ मध्ये तिला वगळले. २००१ मध्ये श्रवणयंत्र लावून ऐकू येणारा माणूस मोजणीबाहेर होता. २०११ मध्ये तो आत आला. राज्यांच्या आकड्यांत याचे परिणाम थक्क करणारे दिसतात. महाराष्ट्रातील अपंगांचे प्रमाण या दशकात १.६२ टक्क्यांवरून २.६४ टक्क्यांवर चढले, संख्या १५.७ लाखांवरून २९.६ लाखांवर गेली आणि उत्तर प्रदेशाखालोखाल ती देशात दुसरी ठरली. याच काळात तमिळनाडूचे प्रमाण २.६३ वरून १.६४ टक्क्यांवर उतरले. जणू दोन राज्यांनी आकड्यांची अदलाबदल केली. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या निम्म्याहून अधिक नोंदी एकट्या दृष्टीच्या होत्या, त्यामुळे व्याख्या बदलताच तिथला डोलारा सर्वांत जास्त खचला. ही आकडेवारी वाचून कोणी महाराष्ट्राची आरोग्यसेवा ढासळली किंवा तमिळनाडूची सुधारली असा निष्कर्ष काढला, तर तो निराधार ठरेल. आणि या दोन आकड्यांच्या आधारे निधीची वाटणी झाली, तर त्या चुकीची किंमत खऱ्या माणसांना मोजावी लागेल.

२०११ च्या प्रश्नावलीतील नवव्या प्रश्नाकडे जवळून पाहण्यासारखे आहे. पहिल्या भागात प्रगणक विचारतो, ही व्यक्ती मानसिक वा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का? उत्तर ‘हो’ आले, तरच तो पुढे जातो आणि आठपैकी एक संकेतांक लिहितो : पाहणे, ऐकणे, बोलणे, हालचाल, मतिमंदत्व, मानसिक आजार, इतर आणि बहुविकलांगता. बहुविकलांग व्यक्तीसाठी तीनपर्यंत प्रकार नोंदता येतात. म्हणजे संपूर्ण मोजणी पहिल्या ‘हो’ किंवा ‘नाही’वर टांगलेली असते, आणि ते उत्तर बहुधा संबंधित व्यक्ती देत नाही, घरातले कोणीतरी दारात उभे राहून देते. लग्नाची मुलगी, गुडघे धरलेली सासू, औषधांवर चालणारा भाऊ यांच्याबद्दल शेजाऱ्यांसमोर ‘अपंग’ म्हणणे अनेकांना जमत नाही. म्हाताऱ्या माणसाला दिसेनासे झाले, तर ते वयाचे समजले जाते. २०११ मध्ये अपंग पुरुष सुमारे १.५ कोटी आणि स्त्रिया १.१८ कोटी होत्या. २०१८ च्या नमुना पाहणीतही पुरुषांचे प्रमाण २.४ आणि स्त्रियांचे १.९ टक्के आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनेक देशांतील पाहणीत मात्र स्त्रियांचे प्रमाण १९.२ आणि पुरुषांचे १२ टक्के होते. भारतात पुरुष अधिक अपघातग्रस्त होतात, हे कारण काही अंशी खरे असेल. तेवढ्याने सबंध चित्र उलटे होणे पटत नाही. स्त्रियांची अडचण घराच्या उंबऱ्याआतच राहते, हे अधिक पटणारे कारण आहे. मानसिक आजाराचा संकेतांक सगळ्या देशात ७.२ लाख व्यक्तींना मिळाला. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले. प्रत्येक विकार म्हणजे अपंगत्व नव्हे, पण या दोहोंतली दरी तेवढ्याने भरून निघत नाही. आणि सुमारे ४९ लाख माणसे, एकूण अपंगांच्या १८ टक्क्यांहून अधिक, ‘इतर’ या खात्यात गेली. त्या खात्यावरून ना साधने ठरवता येतात, ना शिक्षक, ना डॉक्टर.

यावरचा उपाय जगाने शोधलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने सहा प्रश्नांचा संच तयार केला. चष्मा लावूनही पाहायला अडचण येते का? श्रवणयंत्र लावूनही ऐकायला? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला किंवा एकाग्र व्हायला? अंघोळ, कपडे अशी स्वतःची कामे करायला? बोललेले दुसऱ्याला कळायला आणि दुसऱ्याचे आपल्याला कळायला? प्रत्येकाला चार उत्तरे : अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, मुळीच जमत नाही. एकाही प्रश्नात अपंगत्वाचा उल्लेख नाही, त्यामुळे कोणाला स्वतःवर शिक्का मारून घ्यावा लागत नाही. अशाने निम्मा देश अपंग ठरेल, हा यावरचा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर ब्राझीलने दिले आहे. तेथील २०१० च्या जनगणनेत ‘थोडी अडचण’ असलेलेही धरले, तेव्हा प्रमाण २३.९ टक्के आले. २०१८ मध्ये तेथील सांख्यिकी संस्थेने त्याच माहितीला ‘खूप अडचण’ ही शिफारस केलेली सीमा लावली आणि प्रमाण ६.७ टक्के निघाले. पहिला आकडा खोटा नव्हता, दुसराही नाही. माहिती पायऱ्यांनी गोळा झाली होती, म्हणून नंतर सीमा हलवता आली; भारताच्या ‘हो-नाही’ नोंदीत ती सोयच नाही. मनोरुग्णता या सहा प्रश्नांत नीट उतरत नाही, हा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. चिंता आणि नैराश्य यांचे प्रश्न त्याच गटाच्या विस्तारित संचात आहेत, ते नमुना पाहणीत घ्यावेत. पाच वर्षांखालील मुलांसाठी हे सहा प्रश्न नाहीत. त्यासाठी युनिसेफच्या साहाय्याने केलेला स्वतंत्र संच आहे. एका संचात सगळे मावत नाही, म्हणून आजचाच प्रश्न चालू ठेवावा, असे त्यातून ठरत नाही.

नमुना पाहणी जनगणनेपेक्षा खोल जाऊ शकते. १९८१ नंतर १९९१, २००२ आणि २०१८ अशा तिच्या फेऱ्या झाल्या. मधली अंतरे दहा, अकरा आणि सोळा वर्षांची. २०१८ च्या ७६ व्या फेरीत प्रमाण २.२ टक्के आले. मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९-२१ मध्ये केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अपंगत्वाची पहिल्यांदा विचारणा झाली आणि प्रमाण एका टक्क्याच्या आसपास निघाले. पुढच्या, सहाव्या पाहणीतून तो प्रश्नच काढून टाकला गेला. सदोष प्रश्न सुधारायचा असतो. तो काढला, की अपंग मातेला प्रसूतीपूर्व तपासणी मिळते का, अपंग बालकाचे लसीकरण होते का, हे विचारायची जागाही त्याबरोबर जाते.

आता युडीआयडी, म्हणजे अपंग व्यक्तीला मिळणारे सरकारी ओळखपत्र, आहे, एक कोटीहून अधिक कार्डे वाटली गेली आहेत, तेव्हा वेगळ्या मोजणीची गरज काय, असे प्रशासनात ऐकू येते. हा युक्तिवाद सर्वांत घातक आहे. नोंदणीत तोच येतो, जो जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचला, तपासणीच्या तारखेला हजर राहिला आणि ज्याचे व्यंग २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत बसले. ७६ व्या फेरीतच दिसले, की अपंग व्यक्तींपैकी फक्त २८.८ टक्क्यांकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र होते. दहांतली सात माणसे नोंदणीबाहेर आहेत, ही गोष्ट नोंदणी स्वतः कधीच सांगू शकली नसती. ती पाहणीने सांगितली. प्रमाणपत्र आरक्षण आणि पेन्शन यांसाठी हवेच, आणि त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट असणेही समजण्यासारखे आहे. रेल्वे फलाटाची उंची, शाळेतला उतार किंवा मतदान केंद्रातली व्यवस्था मात्र ३० टक्के अपंगत्व असलेल्यालाही लागते.

गोपनीयतेचा आक्षेप यांपेक्षा गंभीर आहे. नाझी जर्मनीत १९३९ च्या शरद ऋतूपासून संस्थांकडे नोंदणीपत्रके धाडून रुग्ण व अपंगांची माहिती मागवली गेली आणि तिच्याच आधारे १९४१ पर्यंत सुमारे ७०,००० जणांना विषारी वायूने मारण्यात आले. अपंगांची यादी करणाऱ्या कोणत्याही राज्यसंस्थेने हा इतिहास समोर ठेवावा. पण धोका नावानिशी यादीचा आहे. भारताच्या १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. युडीआयडीच्या माहितीला याच तोडीचे कवच हवे. जनगणनेला नोंदणीचा पर्याय सुचवणारे, नकळत का होईना, सुरक्षित माहितीच्या जागी असुरक्षित माहिती आणू पाहतात.

एकूण संख्येपेक्षा आकडेवारीचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. २०१८ मध्ये सात वर्षांवरील अपंग व्यक्तींत ५२.२ टक्के साक्षर होत्या. २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत सर्वसाधारण लोकसंख्येचे तेच प्रमाण ७७.७ टक्के होते. अपंगांत वृद्ध अधिक आणि वृद्धांत साक्षरता कमी, म्हणून ही सगळी दरी भेदभावाच्या खात्यावर टाकता येणार नाही. सहा ते चौदा वर्षांच्या अपंग आणि इतर मुलांची एकाच जिल्ह्यात, एकाच उत्पन्नगटात तुलना झाली, तर शाळेने कोणाला बाहेर ठेवले ते उघड होईल. अशी तुलना करायची, तर अपंगत्वाचे प्रश्न रोजगार, आरोग्य, शिक्षण यांच्या प्रत्येक मोठ्या पाहणीत हवेत. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातील कलम ३१ योग्य आकडेवारी जमवण्याचे बंधन घालते, आणि भारताने त्या कराराला २००७ मध्ये मान्यता दिली आहे.

गावपातळीचे चित्र मात्र जनगणनेखेरीज कोणीच देऊ शकत नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी अपंगांसाठी राखायचा असतो. तो कोणासाठी आणि कशावर खर्चावा, हे ठरवताना ग्रामपंचायतीजवळ २०११ ची संख्या असते, किंवा अर्ज घेऊन आलेल्यांची यादी. २०२१ ची जनगणना लांबली. नवीन जनगणनेची संदर्भतारीख देशाच्या बहुतेक भागांसाठी १ मार्च २०२७ आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानंतरची ही पहिलीच जनगणना. यात कायद्यातील २१ प्रकार प्रगणकाकडून ओळखून घेण्याचा मोह टाळावा. थॅलॅसेमिया किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस दारात उभे राहून ओळखता येत नाही. सहा क्रियांचे प्रश्न चार पायऱ्यांच्या उत्तरांसह विचारावेत, शक्य तेथे त्या व्यक्तीलाच विचारावेत, आणि अपंगत्वाचे तक्ते इतर तक्त्यांच्या मागे वर्षानुवर्षे न ठेवता त्यांच्याबरोबर, वय व लिंगानुसार, गावापर्यंत प्रसिद्ध करावेत.